चौथं वर्ष घ्यावं का?

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा साधारण सतरा किलोमीटरचा रस्ता किनारा धरून चालतो. नरपड, चिखले, घोलवड अशी गावं लागतात. एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. चिखल्यात बारावी झालेल्या मुलामुलींचं पुढचं शिक्षणही बरंचसं याच रस्त्याच्या दोन टोकांकडे विभागलेलं असतं. उत्तरेला बोर्डीचं एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय, आत डोंगराच्या बाजूला तलासरीचं कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय. दक्षिणेला डहाणू रोडहून गाडी पकडली की पालघरचं सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि ज्याला पुढचं परवडतं त्याला मुंबई. पदवी यांतल्या कुठल्याही महाविद्यालयातून घेतली तरी तिच्यावर नाव मुंबई विद्यापीठाचंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, विद्यापीठ मात्र तेच राहिलं.

या वाटेवर आता एक नवा फाटा आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बाकीच्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्सची पदवी घेता येते. संलग्न महाविद्यालयात २०२४ च्या जूनमध्ये एफ.वाय.ला बसलेल्यांसमोर हा फाटा २०२७ च्या जूनमध्ये येणार; स्वायत्त महाविद्यालयांतल्यांसमोर तो वर्षभर आधी. म्हणजे राज्यातली ऑनर्सची ही पहिली पिढी आजच्याच वर्गांतून घडते आहे, आणि तिला घरात विचारायला कुणी नाही. थोरल्या भावाबहिणींनी, गावातल्या गुरुजींनी, कुणीच हे चौथं वर्ष केलेलं नाही.

‘ऑनर्स’ हे नाव मात्र जुनंच आहे. जुन्या वकिलांच्या पाट्यांवर बी.ए.पुढे कंसात ते दिमाखात लिहिलेलं असायचं. त्या जुन्या ऑनर्सशी नव्याचं नातं काय, हे आधी पाहून घेऊ. नाहीतर आजोबा एका गोष्टीबद्दल बोलतात आणि नात दुसऱ्याच गोष्टीसाठी अर्ज भरते, असं व्हायचं.

या प्रकाराचं सर्वात नावाजलेलं घराणं केंब्रिजचं. तिथे गणिताची ‘ट्रायपॉस’ ही परीक्षा ऑनर्ससाठी असे. ज्यांना तेवढा दम नव्हता ते साधी पदवी घेत. ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ मध्ये हा मान जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मलेला, फर्ग्युसन महाविद्यालयातून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेला हा मुलगा पहिला भारतीय सीनियर रँग्लर ठरला. परत आल्यावर ते फर्ग्युसनमध्येच शिकवायला लागले, पुढे प्राचार्य झाले. महाराष्ट्रानं मात्र त्यांना आयुष्यभर त्या परीक्षेच्याच नावानं ओळखलं: रँग्लर परांजपे. पुढे रँग्लर महाजनींचंही तेच झालं. माणसाच्या नावाआधी परीक्षेचा निकाल लावायची ही हौस आपल्याकडे फार. खुद्द केंब्रिजनं १९०९ नंतर रँग्लरांची क्रमवार यादी जाहीर करणं सोडून दिलं, तरी आपण काही सोडलं नाही.

त्या काळच्या ऑनर्सचा गाभा असा होता की वेळ जवळपास तोच, पण विषय खोल आणि परीक्षा अवघड. सगळ्यांबरोबर धावायचं, पण ओझं जास्त घेऊन. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले, ते अवघे चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. नुसती बी.ए.च जिथे एवढी दुर्मीळ, तिथे ऑनर्स म्हणजे दुर्मिळातलं दुर्मीळ.

पुढे बंगालात आणि दिल्लीत ऑनर्सची परंपरा टिकली. तिथे आजही एका विषयात ऑनर्स करणं ही साधी नेहमीची गोष्ट आहे. महाराष्ट्रात ती विरळ होत गेली आणि तिची कामं वेगवेगळ्या नावांनी वाटली गेली. पुण्याकडे बी.ए.ला ‘जनरल’ आणि ‘स्पेशल’ पेपर आले, मुंबईत टी.वाय.ला सहाही पेपर एकाच विषयाचे घ्यायचे की तीन-तीन दोन विषयांचे, एवढी निवड उरली. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणून पाहिली आणि वर्षभरात, २०१४ च्या जूनमध्ये, मागे घेतली. म्हणजे आत्ताचा प्रयोग या देशात अगदीच कोरा नाही. एकदा तोंड भाजलेलं आहे.

नव्या ऑनर्सनं जुन्याचा गाभा बदलला आहे. आता ओझं तेवढंच, पण रस्ता एका वर्षानं लांब. रायणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधतात तसं तीन वर्षांच्या पदवीवर हे एक वर्ष बांधलेलं आहे, आणि कलम धरेल की नाही हे खुंटावर ठरतं. म्हणून ‘मी ऑनर्सइतका हुशार आहे का’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. हे एक वर्ष माझ्या कोणत्या कामाचं, आणि त्याची किंमत माझं घर कशी भरणार, हे आधी विचारायला हवं. किंमत वीस-एकवीस वर्षांच्या कमावत्या हाताचं एक वर्ष आहे.

आता हिशेब. नव्या पद्धतीत सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. वर्गातल्या शिकवणीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. प्रयोगशाळेतलं किंवा प्रत्यक्ष काम असेल तर एका क्रेडिटला तीस तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात एका वर्षाला किमान ४० क्रेडिट धरली आहेत. महाराष्ट्रानं ती ४४ पर्यंत नेली. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, ऑनर्सची १६० ते १७६ ची. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी सोडलं तर पदविका. दोन्हींसाठी चार क्रेडिटचा कौशल्याचा छोटा अभ्यासक्रम वर करावा लागतो. सोडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. ही सगळी क्रेडिट ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या सरकारी खात्यात विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. बोर्डीला मिळवलेली क्रेडिट मुंबईच्या महाविद्यालयात चालावीत, हा तिचा हेतू.

चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. साध्या ऑनर्समध्ये मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर असतात. त्यातला काही भाग महाराष्ट्रात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी करायच्या प्रशिक्षणाचा आहे. दुसरा प्रकार ‘संशोधनासह ऑनर्स’. त्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि त्यात बारा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. प्रत्यक्ष कामाच्या हिशेबानं बारा क्रेडिट म्हणजे ३६० तास. रोज चार तास दिले तरी तीन महिने. एफ.वाय.ला लागलेली केटी टी.वाय.पर्यंत ओढत नेणाऱ्याला हे दार उघडण्याची शक्यता कमीच. त्यामुळे संशोधनाचा विचार असेल तर सुरुवात पहिल्या सत्राच्या निकालापासून होते, तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून नव्हे.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्यांचं ऑनर्स वेगळं. बी.ई.-बी.टेक. मुळातच चार वर्षांचं असल्यानं तिथे वर्ष वाढत नाही. त्याच चार वर्षांत अठरा-वीस जादा क्रेडिट करायची असतात. जुन्या केंब्रिजी पद्धतीची आठवण जर कुठे शिल्लक असेल तर ती इथे.

चौथ्या वर्षानं मिळतं काय, हे पाहताना एक साधी बेरीज कागदावर मांडून बघावी. पूर्वी एम.ए.-एम.एस्सी.पर्यंत तीन अधिक दोन अशी पाच वर्षं लागत. ऑनर्स केलेल्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळते, म्हणजे चार अधिक एक. बेरीज पाचच. ज्याला एम.ए. करायचंच आहे त्याचं ऑनर्समुळे काही बिघडत नाही आणि वेळेच्या दृष्टीनं काही वाचतही नाही. फरक पडतो तो पदवीवरच थांबणाऱ्याला. तलाठी भरती, एमपीएससी, बँकेच्या परीक्षा या सगळ्यांना ‘कोणत्याही शाखेची पदवी’ पुरते. तीन वर्षांची चालते, आणि चौथ्या वर्षाला जादा गुण कुणी देत नाही. अशा मुलानं चौथं वर्ष निव्वळ नावासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वर्षात त्याच्या दोन परीक्षा देऊन झालेल्या असतील.

दुसरीकडे ज्याला खरोखर पुढे जायचं आहे त्याच्यासाठी दोन दारं नव्यानं उघडली आहेत. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर पीएच.डी.ला थेट प्रवेश घेता येतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. अशांना नेटची परीक्षाही देता येते. नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. चिखल्यासारख्या गावात ही रक्कम ‘शिकणं’ या शब्दाचा अर्थच बदलून टाकते. घरून पैसे मागवणारी मुलगी घरी पैसे पाठवू लागते. परदेशी, विशेषतः अमेरिकेत, एम.एस.ला जाणाऱ्यांचीही जुनी अडचण सुटते. तिकडची बरीच विद्यापीठं शाळेपासून सोळा वर्षं शिक्षण झालेलं मागतात, आणि आपली तीन वर्षांची पदवी त्यात एका वर्षानं तोकडी पडते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी थेट पीएच.डी.त उडी घेणं मात्र प्रत्येकाला झेपेल असं नाही. नियम परवानगी देतो म्हणून घाई करू नये. मधलं एक वर्षाचं एम.एस्सी. पुष्कळांना सोसतं.

किमतीची बाजू गावानुसार बदलते. डहाणू आणि तलासरी हे बहुसंख्य आदिवासी वस्तीचे तालुके. वारली, धोडी, दुबळा, कोकणा कुटुंबांतली अनेक मुलं महाविद्यालयात जाणारी घरातली पहिलीच. किनाऱ्यावर मांगेले-माच्छी आहेत, वाड्यांमधून काम करणारे आहेत. इथे चौथं वर्ष म्हणजे मासेमारीचा एक हंगाम, वाडीतल्या मजुरीचं एक वर्ष किंवा वापीच्या कारखान्यातला वर्षभराचा पगार. त्यावर प्रवास. उपनगरी लोकल डहाणू रोडला पोहोचली ती १६ एप्रिल २०१३ ला. चर्चगेटपासून १२४ किलोमीटर. पण लोकल घोलवडपर्यंत येत नाही. चिखल्याच्या विद्यार्थ्याला आधी एस.टी. किंवा रिक्षानं डहाणू गाठायचं, मग गाडी. पालघरपर्यंतचं अप-डाऊन रोजचं झालं तरी निभतं. मुंबईचं अडीच-तीन तासांचं अप-डाऊन करून प्रयोगशाळेत संध्याकाळी सहापर्यंत थांबायचं, हे मात्र कागदावरच शक्य. तिथे राहायची सोय हवी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचा भत्ता आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर असतो. या तिन्हींची चौकशी डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. प्रश्न एकच नेमका विचारावा: मी तीन वर्षांनंतर चौथ्या वर्षाला बसलो तर नूतनीकरण होईल का, की नवा अर्ज? याचं उत्तर प्रवेशाआधी हातात असलेलं बरं.

इतका हिशेब करूनही संशोधनाच्या वर्षाची बाजू मला वजनदार वाटते, आणि त्याचं कारण हाच परिसर आहे. या पट्ट्यानं देशाला दिलेली एक मोठी गोष्ट इथल्याच शोधातून निघाली. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघांसह त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. त्याआधी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलं होतं. बोर्डीत त्यांच्या लक्षात आलं की शहरातली महाग साधनं इथे निरुपयोगी आहेत आणि मुलं शाळेपर्यंत येतच नाहीत. मग शाळाच मुलांच्या अंगणात नेली. साधनं शंख-शिंपल्यांची, बियांची, पानांची केली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. १९७५ मध्ये एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी होतं. हे सगळं संशोधनच होतं: प्रश्न समोरचा, साधन हाताशी असलेलं, चूक झाली की बदलायचं, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद.

त्याच १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद झाली आणि वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी त्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं; त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच वर्षी, काही कोसांच्या अंतरावर, एका बाजूला बालशिक्षणाचा प्रयोग आणि दुसऱ्या बाजूला मजुरांचा उठाव. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध होता, बोर्डीच्या बालवाडीत येणाऱ्या मुलांच्या घरांत त्या वर्षी काय चाललं होतं, यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याला बारा क्रेडिट कमी पडतील. त्यासाठी लंडनच्या दफ्तरखान्यात जायला नको. पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्या माणसांकडे जायला हवं, आणि लवकर, कारण ती माणसं आता फार उरलेली नाहीत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर प्रश्न घराच्या मागच्या दारी सापडतात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण याच चिकूला बी पोखरणारी अळी लागते. ती फळ लहान असतानाच आत शिरते, बीच्या आत वाढते आणि पूर्ण वाढ झाली की भोक पाडून बाहेर पडते. तोवर फळ बाहेरून निरोगी दिसत राहतं, म्हणून बागायतदाराला फसगत कळते ती उशिरा. आता इथे विद्यार्थ्यांची नेहमीची चूक पाहा. ‘डहाणू तालुक्यातील चिकू उत्पादनावर हवामानबदलाचा परिणाम’ हा विषय कागदावर छान दिसतो आणि एका वर्षात कुणाच्यानं होत नाही. त्याऐवजी असं करता येईल: चिखल्यातल्या दहा वाड्या निवडायच्या, एका हंगामात दर पंधरवड्याला प्रत्येक वाडीतली ठरावीक झाडांखालची गळलेली फळं गोळा करायची, कापायची, किडकी किती ते मोजायचं. मग पाच वाड्यांत गळलेली फळं उचलून नष्ट करायची, पाच वाड्यांत नाही, आणि पुढचे आकडे ताडून पाहायचे. यंत्र लागत नाही. सुरी, वही आणि बागायतदारांशी गोडीत राहायची हातोटी लागते. निकाल काहीही आला तरी तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी कामाचा असतो.

किनाऱ्यावर पावसाळ्यात जखमी समुद्री कासवं वाहून येतात. डहाणूत त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र आहे. कुठल्या महिन्यात, कुठल्या जातीची, जाळ्यात अडकून जखमी झालेली किती, याच्या नोंदींवर प्राणिशास्त्राचा प्रकल्प उभा राहू शकतो. आणि डहाणूला तर आकड्यांची किंमत कळलेली आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. नव्वदच्या दशकात इथे ५०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यानंतर वीजकेंद्राला धुरातला सल्फर डायऑक्साइड शोषून घेणारी यंत्रणा बसवावी लागली. अशा सुनावण्यांत नुसती हळहळ चालत नाही, मोजमाप लागतं. आता इथल्याच वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. मासळी, खाड्या, किनाऱ्याची धूप यांत पुढे काय बदललं हे सांगायचं असेल तर आधी काय होतं ते कुणीतरी आत्ताच लिहून ठेवलेलं हवं. स्थानिक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या दरवर्षीच्या नोंदी यासाठी किती मोलाच्या ठरतील, याचा अंदाज धोरण लिहिणाऱ्यांना असावा असं वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मोठ्या शहरातली मोठी प्रयोगशाळा होती.

तसं वाटण्याचं कारण नियमातच आहे. संशोधनासह ऑनर्स चालवायला विभागात पीएच.डी. असलेले, मार्गदर्शन करू शकणारे किमान दोन कायम अध्यापक हवेत. लहान गावांतल्या महाविद्यालयांत कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर विभाग चालतो. म्हणजे ज्या गावात प्रश्न आहेत तिथे मार्गदर्शक नाही आणि जिथे मार्गदर्शक आहे तिथून प्रश्न दोन-तीन तासांच्या गाडीवर. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मार्गदर्शकाशिवायचं संशोधन म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेला प्रबंध, आणि तो धंदा आपल्याकडे आधीच जोरात आहे. पण उपाय विद्यापीठाकडे आहे: मार्गदर्शक मुंबईच्या विभागातला, सहमार्गदर्शक बोर्डीचा किंवा तलासरीचा, आणि काम गावात. कोसबाडला तर शेतीच्या शिक्षणाचीही जुनी परंपरा आहे. चिकूचा प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला तिथल्या माणसांशी बोलता आलं तर तिचा निम्मा रस्ता संपला.

तिनं स्वतः करायच्या गोष्टीही आहेत, आणि त्या बहुतेक वेळा उशिरा सुचतात. मुख्य विषय कोणता आणि मायनर कोणता, हे एस.वाय.मध्ये ठरतं, तेव्हाच संशोधनाचा विचार डोक्यात हवा. वनस्पतिशास्त्राला संख्याशास्त्राची जोड असेल तर गळलेली फळं मोजल्यावर त्या आकड्यांचं काय करायचं हे कळतं. टी.वाय.च्या पहिल्या सत्रात, म्हणजे पाचव्या सत्रात, अध्यापकांना जाऊन विचारावं की आपल्या विभागात संशोधनासह ऑनर्स चालणार आहे का, आणि नसेल तर जवळच्या कुठल्या महाविद्यालयात. क्रेडिट बँकेतलं खातं उघडलेलं आहे का आणि सगळ्या सत्रांची क्रेडिट त्यात चढली आहेत का, हे तिथेच तपासावं. नावातलं एक अक्षर आधार कार्डावर वेगळं आणि गुणपत्रिकेवर वेगळं असल्यानं अडून बसलेली खाती थोडीथोडकी नसतात. आणि सहाव्या सत्राचा निकाल लागण्याची वाट न बघता, उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या वाडीत जाऊन शंभर गळलेली फळं कापून बघावीत. त्या कामाचा कंटाळा आला तर एम.ए.-एम.एस्सी. किंवा नोकरी, दोन्ही वाटा अजून मोकळ्या असतात आणि वर्ष वाया गेलेलं नसतं. कंटाळा आला नाही, तर जून २०२७ च्या अर्जासोबत मार्गदर्शकाला दाखवायला आधीच आकड्यांनी भरलेली एक वही तयार असते.